बाईंचं धुवण

मी बाटल्या ॲसिडच्या टबातून काढल्या आणि तीन पाण्यांनी विसळायच्या त्या एकाच पाण्याने विसळल्या. चूक एवढीच. लोक मोठमोठे घोटाळे करून नाव कमावतात, मी नळ लवकर बंद करून कमावलं. डिस्टिल्ड पाण्याचा आमचा नळ म्हातारा होता, एकेक थेंब विचार करून सोडायचा, आणि सरोजिनी नगरच्या बाजारात जीन्सच्या ढिगाशी माझा एक मित्र माझ्यासाठी ताटकळत होता. एका शुक्रवारी हे खपून गेलं. पुढच्या शुक्रवारीही खपलं. मग मी त्याला पद्धत म्हणायला लागलो.

या एका पाण्याने कुणाचं काय वाहून गेलं ते सांगायचं, तर आधी बाई सांगायला हव्यात.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दक्षिण दिल्लीतली सरकारी संस्था, लांबलचक कॉरिडॉर, आणि त्याच्या टोकाला आम्ही. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी एकटा बाई म्हणायचो. आपल्याला शिकवणाऱ्या मराठी स्त्रीला बाईच म्हणायचं, असं आईने मला पहिल्या दिवशी बजावून पाठवलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर दहिया नावाचा रोहतकचा मुलगा बसायचा. बाई म्हणजे घरकामाची बाई एवढंच त्याला ठाऊक, त्यामुळे तो पहिले काही दिवस नुसता घाबरून माझ्याकडे बघायचा. शेवटी त्याने मला जिन्यात गाठून हळू आवाजात समजावलं, "यार, इतनी बड़ी साइंटिस्ट हैं, थोड़ी इज़्ज़त से बुलाया कर."

चमकणाऱ्या वस्तूकडे बाई बघायच्या नाहीत, हे त्यांचं पहिलं वैशिष्ट्य. आमचं सगळं काम चमकणाऱ्या वस्तूंचं, आणि या मान फिरवून बसणार. एखादा विद्यार्थी धावत यायचा, त्याच्या बाटलीतली पूड अतिनील किरणांच्या जांभळ्या टॉर्चखाली हिरवीगार पेटलेली, चेहरा त्याहून पेटलेला. बाई त्या बाटलीकडे ढुंकून न बघता हात पुढे करायच्या. "हे राहू दे. धुवण दाखव."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा धुवण म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. माझे वडील साताऱ्याकडचे, सैन्यात सुभेदार. मी वाढलो दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि मधल्या पायरीवर बरेच शब्द सांडलेले. मी अगदी आत्मविश्वासाने जाऊन बाईंना सेंट्रिफ्यूज दाखवलं. त्या मशीनकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. "घरी आई तांदूळ धुते ना? त्यानंतर भांड्यात गढूळ पाणी उरतं, ते धुवण. जा, घेऊन ये, सुभेदार." हुद्दा वडिलांचा होता, पण बाईंनी तो मला कायमचा देऊन टाकला.

कामही त्यांनी मला स्वयंपाकघराच्याच भाषेत समजावलं. आमचे स्फटिक म्हणजे दिसायला मिठाच्या पुडीसारखे, पण आतून पोकळ. नुसत्या खोल्याच खोल्या, आणि खोल्यांना चिमुकली दारं. या खोल्यांत एक रंग कोंडायचा. हा रंग असा, की दाटीवाटीत ठेवला तर विझतो, एकेकट्याला खोली दिली तर पेटतो. पण तो दारातून आत मावत नाही. मग करायचं काय, तर आधी रंग उभा करायचा आणि त्याच्याभोवती स्फटिकाच्या भिंती बांधून काढायच्या. एकदा बांधकाम झालं की तो बाहेर येत नाही. मी म्हटलं, म्हणजे जन्मठेप. बाई म्हणाल्या, "सरकारी क्वार्टर म्हण. राहायला चांगलं, सोडायला कठीण."

त्यात एक गोम होती, आणि बाईंची दहा-बारा वर्षं तिच्यातच गेली होती. रंग आत कोंडला गेला तरी पूड चमकते, आणि नुसता बाहेरून चिकटला तरी चमकते. डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून पूड धूत राहायचं, दर वेळी वरचं पाणी वेगळ्या बाटलीत काढायचं आणि त्याच्यावर टॉर्च मारायचा. धुवण हिरवं दिसतंय तोवर रंग सुटतोय. धुवण काळं पडलं आणि पूड तरीही हिरवी राहिली, तरच म्हणायचं की रंग आत आहे. "अडकलेलं वेगळं आणि चिकटलेलं वेगळं," बाई म्हणायच्या. "स्फटिक तुमच्या बाजूने बोलतो. धुवण कुणाच्या बाजूचं नसतं."

त्यांना ही पूड हवी होती पाण्यासाठी. नळाच्या पाण्यात शिसं असेल तर पुडीची चमक मंदावते, म्हणजे घरच्या घरी कळेल, असा त्यांचा हिशेब. पण रंगच जर पाण्यात सुटत असेल तर तुम्ही लोकांना पाणी तपासून देत नाही, रंगवून देता, असं त्या म्हणायच्या.

तो जांभळा टॉर्च त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा, पाकीट आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या मधोमध. त्यांच्यासमोर नवा पांढरा शर्ट घालून जाण्याची सोय नव्हती. टॉर्च मारायच्या, शर्ट निळसर पेटायचा, आणि निदान व्हायचं: "साबण निघालेला नाही. कोण धुतं कपडे? तूच ना? तरीच." कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये जेवायला मिळायचं. एखादा मोठा प्रयोग फसला की बाई आम्हाला तिथे घेऊन जायच्या. यशाचं जेवण कधी झालं नाही, त्यामुळे मला आजही थालीपिठाची चव थोडी अपयशाचीच लागते. तिथेसुद्धा त्या स्टीलचा पेला उजेडाकडे कलता करून आत बघायच्या. वाढपी ओळखीचा होता. बाई दिसल्या की पेला तो स्वतःच पुन्हा विसळून आणायचा.

खोकल्याच्या गोळ्यांचा उल्लेख वर आलाच आहे. मी आलो तेव्हा बाई फक्त हिवाळ्यात खोकायच्या. मग दिवाळीपासून होळीपर्यंत खोकायला लागल्या, मग बारा महिने. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि दिल्लीची हवा त्यांना चालणार नाही. बाईंनी ही बातमी आम्हाला चहा पिता पिता दिली, निष्कर्ष सांगावा तशी. "माझी छिद्रं बुजतायत," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर सच्छिद्र पदार्थांवर काम केलं, आता स्वतःच भरीव व्हायला निघाले." दहिया हसला. मीही हसलो, कारण बाई आमच्याकडे बघत होत्या.

डॉक्टर सांगत होते दिल्ली सोडा, आणि बाईंना नेमकं तेच करायचं नव्हतं. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सरोजिनी नगरला त्यांचा जुना सरकारी क्वार्टर होता. आजूबाजूच्या ओळीच्या ओळी पाडून तिथे टोलेजंग इमारती उठत होत्या, आणि बाईंची ओळ अजून कशीबशी उभी होती. समोरच्या पाडलेल्या ओळीची धूळ रोज खिडकीत यायची. बाई ती रोज पुसायच्या आणि फडकं झटकताना खोकायच्या. नाशिकला धाकट्या भावाने त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. त्या खोलीची बाईंना धास्ती होती. "माणसं चांगली आहेत," त्या म्हणायच्या. "भावजय तर फारच चांगली. पण मी तिथे करू काय? सकाळी तिच्या भाज्या निवडू आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या?"

त्यावर इलाज एकच होता, दोन वर्षांची मुदतवाढ. काम हाताशी आलंय अशी समितीची खात्री पटली तर संस्था ती देऊ शकत होती. ती मिळाली तर प्रयोगशाळा राहणार होती, क्वार्टर राहणार होता, आणि दहा-बारा वर्षं जे चाललं होतं त्याचा शेवट बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणार होता. नाही मिळाली तर भाज्या.

आणि त्याच वर्षी, ऑगस्टपासून, माझी धुवणं काळी यायला लागली.

काय दिवस होते ते. वर्षानुवर्षं हिरवी निघणारी धुवणं माझ्या हाताखाली एकदम काळीशार. स्फटिक हिरवे, धुवण काळं, अगदी बाई म्हणायच्या तसं. मला वाटलं माझ्या हाताला गुण आहे. दहियाला मी हे बोलूनही दाखवलं. धुण्यासाठी एक खास लय लागते, मनगट सैल ठेवावं लागतं, असं एक व्याख्यानही त्याला दिलं. तो बिचारा मनगट सैल ठेवून बाटल्या हलवत बसायचा. बाई मात्र लगेच खूश झाल्या नाहीत. पुन्हा कर म्हणाल्या. पुन्हा काळं. वेगळ्या घाण्याचं कर म्हणाल्या. काळं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी पहिल्यांदा टॉर्च माझ्या हातातून घेतला, धुवण बाजूला ठेवलं आणि स्फटिकांवर मारला. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना चमकणाऱ्या वस्तूकडे बघताना मी तेव्हाच पाहिलं. "बरं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि टॉर्च बंद करायला विसरल्या.

दिवाळीला मी चार दिवस घरी होतो. कॅन्टोन्मेंटमध्ये फटाके कमी आणि फराळ जास्त, त्यामुळे सुट्टीत एक दिवस वाढला. समिती येत्या सोमवारी बसायची होती. बाईंना तिथे दाखवायला ताजा नमुना हवा होता आणि मी नव्हतो, म्हणून त्यांनी स्वतः धुवायला घेतलं. कपाटातून कोरी बाटली काढली, स्फटिक धुतले, वरचं पाणी ओतून टॉर्च मारला. धुवण हिरवं.

मी परत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद होत्या आणि बाहेर धुरकटलेली सकाळ होती. बाईंनी माझी जुनी धुवणं स्टँडवर ओळीने मांडून ठेवली होती. आम्ही ती टाकायचो नाही, तसा बाईंचा नियम होता. त्यांच्या हातात ड्रॉपर होता आणि त्यात सोड्याचं पाणी. मला म्हणाल्या, पडदा ओढ. मी ओढला. त्यांनी पहिल्या बाटलीत एक थेंब टाकला. काळं धुवण हिरवं पेटलं. दुसऱ्या बाटलीत थेंब, तेही पेटलं. तिसरी, चौथी. ऑगस्ट पेटला, सप्टेंबर पेटला, अख्खी ओळ एकामागून एक उजळत गेली. दिवाळी संपली होती, पण माझी रोषणाई बाकी होती.

कारण साधं होतं आणि मला ते पहिल्या वर्षापासून पाठ होतं. आमचा तो रंग ॲसिडमध्ये चमकत नाही, सोड्याने ॲसिड मारलं की पुन्हा चमकतो. बाटल्यांच्या आतल्या अंगाला ॲसिडचा पुसटसा थर राहिला होता. रंग स्फटिकांतून पहिल्यासारखाच सुटत होता, आणि माझ्या बाटलीत पडला की गप्प होत होता. धुवण कुणाच्या बाजूचं नसतं असं बाई म्हणायच्या. मी त्याला माझ्या बाजूचं करून घेतलं होतं, तेही नकळत, म्हणजे हुशारीचं श्रेयसुद्धा नाही.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी टबातली एक बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, विसळ. मी तीन पाण्यांनी विसळली. "अशी विसळत होतास?" मी नाही म्हणालो. "मग कशी, ते दाखव." मी दुसरी बाटली घेतली, एकदा पाणी फिरवलं, झटकली, उपडी ठेवली. बाईंनी मान डोलावली. एखादं गणित सुटल्यावर डोलावतात तशी. मग त्यांना जो खोकला लागला तो थांबेचना, आणि मी पाण्याचा पेला घेऊन उभा राहिलो. पेला मात्र तीनदा विसळून आणला होता.

सोमवारला अजून तीन दिवस होते. हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी म्हटलं, "बाई, सोमवार जाऊ द्या. मुदतवाढ घ्या, मग दोन वर्षं आपण हेच नीट करू. खोटं कुठे बोलायचंय, फक्त सोडा टाकायचा नाही."

त्या स्टँडवरच्या बाटल्यांना बुचं लावत होत्या. "त्या दोन वर्षांत मी कुणाचं धुवण तपासायचं, सुभेदार? कुठल्या तोंडाने?"

सोमवारी समितीपुढे दिवे बंद करायचं काम माझ्याकडे होतं. बाई माझ्या उरलेल्या, अजून सोडा न पडलेल्या धुवणांचा स्टँड घेऊन गेल्या. लांब टेबलाभोवती सगळी मोठी माणसं, काजू, चहा. बाईंनी मला खूण केली, मी दिवे घालवले, त्यांनी टॉर्च लावला आणि ड्रॉपर हातात घेतला. एकेक बाटली पेटत गेली. अंधारात ते खरंच सुंदर दिसत होतं, हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं आणि फार वाईट वाटलं. समितीतल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघा-तिघांनी वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "वाह मॅडम, कमाल की ग्लो है."

माझा हात बटणावर होता. तेव्हा दिवे लावले असते आणि बाई नुसत्या थँक्यू म्हणाल्या असत्या, तर सगळं जमून गेलं असतं. चहा आलाच होता.

"सर, यही तो दिक्कत है," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ही चमक पाण्यात आहे, म्हणजे रंग आत थांबत नाही. मघाशी जे काळं दिसत होतं तेही खरं नव्हतं. "हमारी बोतलें ठीक से धुली नहीं थीं." हमारी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी अंधारात बटणावर बोट ठेवून तसाच उभा, शेवटी अध्यक्षच म्हणाले की भाई, लाइट तो जलाओ.

मुदतवाढ मिळाली नाही. काम आशादायक आहे पण अपूर्ण आहे, असं कळवण्यात आलं. त्या दिवशी बाई आम्हाला कस्तुरबा गांधी मार्गावर घेऊन गेल्या. दहियाने सवयीने थालीपीठ मागवलं. बाईंनी अर्धंच खाल्लं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी निरोप झाला. हार, समोसे, भिंतीवरचं घड्याळ. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात हे मला कधी कळलेलं नाही. बाहेर हवा एवढी वाईट होती की भाषण करणाऱ्यांनीसुद्धा आटोपतं घेतलं. डिसेंबरात प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला मिळाली. आमचे स्फटिक कचऱ्याच्या निळ्या पिंपात गेले. पूड ओतताना दहियाने सहज टॉर्च मारला, तर पिंप आतून हिरवं. तो म्हणाला, बंद कर यार, आणि टॉर्च त्याच्याच हातात होता.

बाईंचं सामान फार नव्हतं. ट्रक यायच्या आधी त्या रिकाम्या क्वार्टरमध्ये जमिनीवर बसून मोरीतली भांडी विसळत होत्या. सोडून जायच्या घरातली, दुसऱ्याला देऊन टाकायची भांडी, आणि तीही तीन पाण्यांनी. मी मदतीला बसायला गेलो तर म्हणाल्या, तू नको, तू फक्त पुस.

मी पुढे गुडगावला एका रंगांच्या कंपनीत लागलो. भिंतीला लावायचे रंग, आत कोंडायची भानगड नाही, बाहेरून चिकटले की झालं. बाईंच्या दृष्टीने मी अखेर माझ्या लायकीच्या ठिकाणी पोचलो होतो, आणि तसं त्यांनी फोनवर सांगितलंही. त्यांचा आवाज बारीक झाला होता. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं होतं, आणि फोनवर बाईंच्या मागे ते सतत घुरघुरत असायचं. पण बोलायच्या स्फटिकांबद्दलच. त्यांना उमगलं होतं की चूक माझ्या बाटल्यांपुरती नव्हती, बांधकामातच होती. आम्ही स्फटिक भट्टीत भराभर वाढवायचो. "घाईने बांधलेल्या भिंतींना भेगा पडतात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तापवू नको. साध्या खोलीत ठेव आणि त्याच्याकडे बघू नको. वेळ लागू दे."

दहिया अजून संस्थेत होता, त्याच्याकडे अर्धं टेबल होतं. मी रविवारी मेट्रोने जायचो. स्फटिक ठेवायचे, बघायचं नाही, परत यायचं. वर्षभर काही ना काही फसलं. मग एका रविवारी धुवण काळं आलं. मी सोडा टाकला. काळंच. नवी बाटली घेतली, तीनच्या जागी पाच पाण्यांनी विसळली, पुन्हा धुवण काढलं, पुन्हा सोडा. काळं. दहियाने स्फटिकांवर टॉर्च मारला, तर ते हिरवे, स्थिर, जसे काही केव्हापासून तिथेच बसून होते.

मी नाचलो वगैरे. मग बाईंना फोटो पाठवला, हिरव्या स्फटिकांचा, चांगला कोन साधून. त्यांचा फोन आला. "सुभेदार, इतक्या वर्षांनी मला स्फटिक पाठवतोस? धुवण?"

मी धुवणाचाही फोटो पाठवला. पुन्हा फोन. यंत्र घुरघुरलं, मग आवाज आला. "नुसता काळा फोटो आहे हा. तू अंगठा ठेवला असशील कॅमेऱ्यावर. तुझ्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही. घेऊन ये."

येतो म्हणालो. कंपनीत सुट्टी मिळेना. मिळाली तेव्हा वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते झालं, तिकीट काढलं, आणि जायच्या आधी माझ्या मनात आलं की बाईंसमोर जातोय, एकदा अजून धुऊन बघावं. ते काळं आलं. म्हटलं, वेगळ्या घाण्याचंही बघावं. तिकीट पुढे ढकललं. तेही काळं. म्हटलं, महिनाभर भिजत ठेवून बघावं, कारण बाई नेमकं तेच विचारतील. जो माणूस एका पाण्यात उरकायचा, तो तेव्हाच नेमका धूत बसला. महिना भरत आला होता तेव्हा नाशिकहून बाईंच्या भावाचा फोन आला. सकाळी गेल्या म्हणाले. त्रास झाला, पण फार वेळ नाही.

तेव्हा पोचणं जमलं नाही. महिना पुरा झाल्यावर मी धुवण काढलं, तपासलं, छोट्या बाटलीत भरून बूच मेणाने बंद केलं आणि गाडीत बसलो. का, ते मला सांगता येणार नाही. घेऊन ये म्हणाल्या होत्या.

नाशिकच्या घरी भाऊ बाहेर गेलेले होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. बाईंची चांगली भावजय ती हीच. पुढच्या खोलीत भाजीची परात होती, निवडायला घेतलेली मेथी. बाईंच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आलं होतं, ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात चादरीखाली, आणि भिंतीवर आमच्या संस्थेचं घड्याळ. वहिनींनी चहा दिला. मी कोण ते त्यांना माहीत होतं. "तुम्हीच ना ते सुभेदार," म्हणाल्या, आणि चहा पिऊन मी विसळलेला कप माझ्या हातातून काढून घेऊन पुन्हा विसळला. म्हणजे माझी कीर्ती पोचलेली होती.

मी म्हटलं, वहिनी, एक दाखवायचं होतं बाईंना, तुम्ही बघता का? त्या हात पुसत आल्या. मी पडदा ओढला. स्फटिकांची बाटली खिशातच ठेवली, कारण बाईंच्या खोलीत नियम बाईंचा. आधी धुवण. मी छोटी बाटली इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर टॉर्च मारला. टॉर्चचा जांभळा उजेड काचेवर पडला. आत काहीच पेटलं नाही. एक कणसुद्धा नाही. असं स्वच्छ काळं धुवण मी आयुष्यात काढलं नव्हतं.

वहिनींनी वाकून बघितलं, डोळे बारीक करून, या बाजूने, त्या बाजूने. मग चष्मा आणून बघितलं.

"यात तर काहीच नाही."

"हो," मी म्हटलं. "तेच दाखवायचं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पडदा सरकवला आणि उजेडात माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"काही नाही ते दाखवायला दिल्लीहून आलात," वहिनी म्हणाल्या, "आणि तेसुद्धा वन्सं गेल्यावर."